सत्कार्यासाठी घरी बिस्किटे कशी भाजावीत

सुटीच्या दिवशी घरातील सगळ्यांना एकत्र गुंतवून ठेवील असे काम शोधायचे असेल, तर बिस्किटे भाजण्याचा विचार जरूर करावा. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलापासून आजी-आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हाताला काम मिळते आणि दिवस मावळायच्या आत श्रमांचे फळ सगळ्यांसमोर येते. हीच बिस्किटे विकून एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे उभे करायचे ठरले, की त्या आनंदाला जबाबदारीची जोड मिळते. कारण मग वजन नेमके हवे, हात स्वच्छ हवेत आणि हिशेब चोख हवा. अशा उपक्रमात उत्साहाच्या भरात पाच-सहा प्रकार करायला घेणे हे मला मुळीच योग्य वाटत नाही. एकच साधे बिस्किट निवडावे, ते उत्तम करावे आणि वाचलेला वेळ एकमेकांसोबत घालवावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना याच विचारातून दिल्या आहेत.

आधी मदत कोणाला करायची ते ठरवावे

मैदा-साखर आणण्यापूर्वी घरातील सगळ्यांनी बसून मदत कोणाला करायची हे ठरवावे आणि या चर्चेत मुलांच्या मतालाही खरोखरीची किंमत द्यावी. वाचनालयाला पुस्तके, भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्याला खाद्य, एखाद्या रुग्णाच्या उपचारांना हातभार, असे दोन-तीन पर्याय समोर ठेवले, की मुले आश्चर्य वाटावे इतक्या गांभीर्याने बोलू लागतात. पर्याय जितका नेमका असेल तितके काम सोपे होते. ‘गरजूंना मदत’ असे म्हणण्यापेक्षा ‘वाचनालयाच्या बालविभागासाठी पुस्तके’ असे म्हटल्याने घेणाऱ्यालाही पैसे कोठे जाणार हे कळते.

यानंतर त्या संस्थेशी बोलून घ्यावे. त्यांना रोख रक्कम हवी आहे की वस्तू, आपण त्यांचे नाव वापरून विक्री केलेली चालेल का आणि पावती मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. भाजलेली बिस्किटेच थेट संस्थेला नेऊन द्यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु रुग्णालये, बालगृहे आणि वृद्धाश्रम यांना आहाराची बंधने पाळावी लागतात आणि घरी केलेले पदार्थ सर्वत्र स्वीकारले जात नाहीत. म्हणून विचारल्याशिवाय खाद्यपदार्थ पाठवू नयेत. घरी केलेले पदार्थ विकण्याचे नियमही ठिकठिकाणी वेगळे असतात. आपल्या भागात कोणती परवानगी किंवा नोंदणी लागते, याची चौकशी या टप्प्यावरच करावी.

साहित्याचा खर्च कुटुंब स्वतः करणार की जमलेल्या रकमेतून वजा करणार, हेही आताच ठरवावे. दोन्ही मार्ग योग्य आहेत. घेणाऱ्यांना मात्र ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

बिस्किट: एक, दोन, तीन

या कामासाठी माझी निवड शॉर्टब्रेड या बिस्किटाची आहे. त्याचे प्रमाण मुलांच्याही सहज लक्षात राहते: वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा. एका घाण्यासाठी 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम बटर आणि 300 ग्रॅम मैदा घ्यावा. बटर बिनमिठाचे असेल तर अर्धा चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम मीठ घालावे. लिंबाची किसलेली साल किंवा थोडा व्हॅनिला अर्क घातला तरी चालतो, पण नुसते बटर चांगले असेल तर त्याचीही गरज भासत नाही.

या बिस्किटात अंडे नाही, दूध वा पाणी नाही आणि फुगवण्यासाठी सोडा किंवा बेकिंग पावडरही नाही. भाजल्यावर त्यात ओलावा फार थोडा उरतो, त्यामुळे हवाबंद डब्यात ते आठवडाभर सहज चांगले राहते. क्रीम, कस्टर्ड किंवा ताजी फळे घातलेले पदार्थ थंड ठेवावे लागतात. तसे पदार्थ विक्रीच्या टेबलावर दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहणे सुरक्षित नसते, म्हणून ते या कामात टाळलेलेच बरे.

साहित्य वजनकाट्यावरच मोजावे. कपाने मोजलेला मैदा चेपून भरला की सैल, यावर त्याच्या वजनात मोठा फरक पडतो आणि मग एक घाणा खुसखुशीत, तर दुसरा कोरडा असे होते. खुसखुशीतपणाचे कारण लोण्यात आहे. लोणी मैद्याच्या कणांभोवती वेढले जाते, त्यामुळे पिठातील ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनाचे, लांब धागे तयार होत नाहीत. पीठ पोळीच्या कणकेसारखे मळत बसले तर हाच फायदा हातचा जातो.

किती करायचे, याचे गणित

हा भाग मुलांना सोबत घेऊन कागदावर करावा, कारण यात खरे गणित आहे आणि उत्तर चुकले तर त्याचा परिणाम दिसतो. एका घाण्याचे पीठ 600 ग्रॅम होते. 15 ग्रॅमचे एक बिस्किट धरले तर त्यातून 40 बिस्किटे निघतात. आठ-आठ बिस्किटांची 30 पाकिटे करायची असतील तर 240 बिस्किटे, म्हणजे सहा घाणे लागतील. काही तुटतील, काही करपतील, काही घरात चाखली जातील. म्हणून एक घाणा वाढवून सात करावेत. त्यासाठी 2 किलो 100 ग्रॅम मैदा, 1 किलो 400 ग्रॅम बटर आणि 700 ग्रॅम पिठीसाखर लागेल.

आता वेळेचा हिशेब करावा, कारण बहुतेक कुटुंबांची तारांबळ येथेच उडते. घरगुती ओव्हनच्या मध्यम आकाराच्या एका ट्रेवर अंतर सोडून सुमारे 20 बिस्किटे बसतात. 280 बिस्किटांना असे 14 ट्रे लागतील आणि प्रत्येकाला 20 ते 25 मिनिटे धरली तर ओव्हन पाच ते सहा तास चालू राहील. पीठ करणे, कापणे, भाजणे आणि पाकिटे भरणे हे सगळे एकाच दिवशी करायला घेतले, तर संध्याकाळपर्यंत मुले कंटाळतात, मोठी माणसे चिडचिडी होतात आणि ज्या आनंदासाठी हे सगळे मांडले तोच उरत नाही. म्हणून काम निदान दोन दिवसांत विभागावे: पहिल्या संध्याकाळी पीठ करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी भाजावे. त्याहून सवड हवी असेल तर पिठाच्या वळकट्या नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. दोन महिन्यांपर्यंत त्या चांगल्या राहतात.

पहिली संध्याकाळ: पीठ

सुरुवातीला सगळ्यांनी साबणाने किमान 20 सेकंद हात धुवावेत, केस बांधावेत, अंगठ्या काढून ठेवाव्यात. ज्याला उलटी किंवा जुलाब झाले असतील त्याने त्रास थांबल्यानंतर 48 तास उलटेपर्यंत या कामात हात घालू नये. त्याला चिठ्ठ्या लिहिण्याचेही काम देऊ नये, कारण त्या पाकिटांवरच जाणार आहेत. हिशेबाची वही मात्र तो सांभाळू शकतो.

बटर फ्रिजमधून तासभर आधी काढावे. बोटाने दाबल्यावर खळगा पडेल, पण बोट तेलकट होणार नाही, इतपत ते मऊ हवे. पातळ झालेले बटर वापरू नये. बटर आणि पिठीसाखर लाकडी चमच्याने एकजीव करून त्यात मीठ आणि चाळलेला मैदा घालावा व बोटांनी हलके एकत्र करावे. सुरुवातीला मिश्रण भुरभुरीत दिसते आणि पाणी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. हातांच्या उबेने दोन-तीन मिनिटांत गोळा जमतो. एका घाण्याच्या गोळ्याचे दोन भाग करून प्रत्येकाची 4 सेंटिमीटर जाडीची आणि 20 सेंटिमीटर लांबीची वळकटी करावी, ती बटर पेपरमध्ये गुंडाळावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी.

कामाची वाटणी वयानुसार करावी. अगदी लहान मुलांनी मोजलेले साहित्य भांड्यात ओतावे आणि टेबल पुसावे. सहा-सात वर्षांच्या मुलांना वजनकाटा सोपवावा, कारण आकडा बरोबर तीनशेवर आणून थांबवण्यात त्यांना विलक्षण समाधान मिळते. त्याहून मोठ्या मुलांनी वळकट्या कराव्यात. मैदा चाळण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांना बसून करता येते. हात कामात गुंतले, की बोलणे आपोआप सुरू होते. समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नाला ज्या मुलाकडून एका शब्दाचे उत्तर येते, तेच मूल पीठ वळता वळता शाळेतील संपूर्ण हकिगत सांगते. यासाठी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत एवढीच माझी विनंती आहे.

कच्चे पीठ चाटू नये, हे मुलांना समजावून सांगावे. यात अंडे नसले तरी मैदा हा कच्चाच पदार्थ आहे आणि त्यात ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. ते भाजण्याने नष्ट होतात.

दुसरा दिवस: कापणे आणि भाजणे

ओव्हन 160 अंश सेल्सिअसवर किमान 15 मिनिटे आधी तापवावा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान सुमारे 20 अंशांनी कमी ठेवावे. वळकटी फ्रिजमधून काढून धारदार सुरीने 1 सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. वर सांगितलेल्या मापाच्या वळकटीतून बरोबर 20 चकत्या निघतात आणि प्रत्येक सुमारे 15 ग्रॅमची भरते. मुलांना चकती तळहातावर घेऊन तिचे वजन ओळखायला सांगावे आणि मग काट्यावर पडताळून पाहू द्यावे. या खेळात वेळही छान जातो आणि मालाचा आकारही एकसारखा राहतो.

चकत्यांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवून ट्रे मधल्या खणात ठेवावा. थंड चकत्याच ओव्हनमध्ये जाव्यात, कारण ऊब लागलेले बटर लवकर वितळते आणि बिस्किट पसरते. म्हणून एका वेळी एकाच ट्रेपुरती वळकटी बाहेर काढावी आणि पुढच्या चकत्या गरम ट्रेवर मांडू नयेत. कडा फिकट सोनेरी झाल्या आणि मध्यभाग अजून पांढरट असला, की ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी बिस्किट मऊ लागते; ते कच्चे राहिले असे समजून पुन्हा आत ठेवू नये. पाच मिनिटे ट्रेवरच राहू द्यावे आणि मग जाळीवर काढावे, तेथे ते कडक होते. ओव्हनचे दार उघडणे आणि ट्रे काढणे हे काम केवळ मोठ्यांचे.

प्रत्येक ओव्हनचे वागणे थोडे निराळे असते, म्हणून पहिल्या ट्रेची वेळ लिहून ठेवावी आणि पुढच्या ट्रेंना तीच लावावी. आतल्या बाजूची बिस्किटे लवकर रंग धरत असतील तर निम्म्या वेळेनंतर ट्रे फिरवावा.

तुटलेली बिस्किटे घरातल्यांची, असा नियम आधीच जाहीर करावा.

पाकिटे आणि चिठ्ठ्या

बिस्किटे पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे निदान तासभर, पाकिटे भरू नयेत. गरम बिस्किटांची वाफ पाकिटात साचली, की बिस्किटे मऊ पडतात आणि पुढे बुरशी येऊ शकते. भाजताना वजन थोडे घटते, तरी आठ बिस्किटांचे पाकीट साधारण 100 ग्रॅमचे होते. पाकिटे भरताना चिमटा किंवा स्वच्छ हातमोजे वापरावेत.

चिठ्ठी सुंदर असावी, पण त्याआधी ती पूर्ण असावी. पदार्थाचे नाव, सर्व घटक, भाजल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावे हे लिहावे. बटर दुधापासूनच होते, म्हणून ‘यात गहू आणि दूध आहे’ हे ठळक लिहावे. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ किंवा अंडी वापरली जात असतील, तर तेही नमूद करावे. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ही एक ओळ अत्यंत महत्त्वाची असते. ‘अमुक पदार्थ अजिबात नाही’ अशी हमी मात्र घरगुती स्वयंपाकघरातून देऊ नये. मजकूर मोठ्यांनी तपासावा, चित्रे मुलांनी काढावीत.

विक्री आणि हिशेब

टेबलावर मदत कोणासाठी आहे आणि खर्च कोणी केला आहे, हे सांगणारा एक स्पष्ट फलक ठेवावा. पाकिटाची किंमत अशी ठरवावी की सुटे पैसे द्यायला त्रास होणार नाही. शेजारी देणगीपेटी ठेवली तर साखर न खाणारी माणसेही हातभार लावू शकतात, आणि मी पाहिले आहे की ती आनंदाने लावतात. पैसे घेणारी व्यक्ती आणि पाकिटे देणारी व्यक्ती वेगळी असावी, कारण नोटा-नाणी हाताळलेले हात अन्नाला लागू नयेत. मुलांना ग्राहकांशी बोलू द्यावे, पण कोणाच्या मागे लागून आग्रह करू देऊ नये.

विक्री संपल्यावर दोन व्यक्तींनी रक्कम वेगवेगळी मोजावी आणि दोन्ही आकडे जुळल्यावरच वहीत लिहावे. किती पाकिटे नेली, किती विकली, किती उरली, देणगी किती आली आणि खर्च वजा करायचे ठरले असेल तर तो किती, हे सगळे एका पानावर येते. रक्कम दोन-तीन दिवसांत संस्थेकडे पोहोचवावी, शक्य असेल तर मुलांना घेऊन स्वतः जावे आणि पावती घ्यावी. ज्यांनी पाकिटे घेतली त्यांना एकूण जमलेली रक्कम कळवावी. उरलेली पाकिटे शेजाऱ्यांना तारीख सांगून द्यावीत आणि वहीच्या त्याच पानावर आपल्या ओव्हनची नेमकी वेळ, कमी-जास्त झालेले साहित्य व कोणाला कोणते काम आवडले हे टिपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळची वाटणी त्यावरूनच करता येईल.