फुगीर टॉपच्या गिटारला बाइंडिंगची खाच कशी मारावी

बाइंडिंग म्हणजे गिटारच्या कडेला खाच मारून चिकटवायची पट्टी. सपाट बॉडीला ही खाच मारण्यात काही कौशल्य नाही. ट्रिमरला (लाकूड कापायचं हातातलं छोटं यंत्र) बेअरिंगवाला बिट, म्हणजे फिरणारं पातं, लावा, यंत्राचा बेस टॉपवर, म्हणजे बॉडीच्या वरच्या बाजूवर, टेकवा, कडेने फिरून या. गिब्सनच्या लेस पॉल गिटारसारख्या कोरीव टॉपवर हेच केलंत तर बेस फुगवट्यावर चढतो, ट्रिमर बाहेर कलतो आणि खाचेची भिंत तिरपी निघते. मग चिकटवून, खरवडून झाल्यावर वरून बघा: पट्टी एका ठिकाणी दीड मिमी, वीतभर पुढे जेमतेम एक. पांढऱ्या पट्टीत हा फरक लांबूनही दिसतो.

म्हणून माझा नियम असा : खोली कडेवरून घ्यायची, काटकोन पाठीवरून.

लेस पॉलसारख्या सॉलिड (भरीव) बॉडीची पाठ सपाट असते, हे आपलं नशीब. सनमायका लावलेल्या प्लायवर बॉडी पाठीवर ठेवा. बाजू आपोआप उभ्या राहतात. ट्रिमर हातात धरायचा नाही. तो एका उभ्या फळीला बसवायचा आणि ती फळी ड्रॉवरच्या दोन टेलिस्कोपिक चॅनेलवर वरखाली सरकती ठेवायची. फिरवायची ती बॉडी. चॅनेल दुकानातच उघडून आडवे हलवून बघा. खडखड असेल तर निमूट परत ठेवा. जोडणी झाली की बिट आणि सनमायका यांच्यातला काटकोन तपासायला गुण्या लावा, समोरून आणि बाजूनेही. एकाच बाजूने बघून समाधान मानू नका.

खरी गंमत ट्रिमरच्या तळाशी आहे. मूळ बेस काढून तिथे ॲक्रिलिकचं एक छोटं कडं लावायचं, बिटभोवती बसणारं. टॉपला टेकेल ती त्याची धार 3-4 मिमीच ठेवायची. कडं रुंद असेल तर ते कडेपासून आत, चढावर टेकतं, बिट तेवढा उचलला जातो आणि खाच उथळ होते. जिथे चढ जास्त तिथे जास्त उथळ, म्हणजे पुन्हा असमान. धार गोलसर घासून तिला मेणबत्ती चोळा. ट्रिमरचं सगळं वजन मेपल लाकडाच्या टॉपवर पडू देऊ नका, दाबाची रेघ उमटते. वर एक हलकी स्प्रिंग बांधा. ट्रिमर टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे.

मापं सोपी आहेत. 19 मिमीच्या बिटला 16 मिमीची बेअरिंग लावली की दीड मिमीची खाच पडते. पट्टीवर छापलेल्या जाडीवर विसंबू नका, वर्निअरने मोजा. पट्टी खाचेबाहेर केसभर उरलेली चांगली, ती खरवडता येते. आत गेली तर सगळी बाजू घासून तिच्या पातळीला आणावी लागते. उंची 6 मिमी धरा. आणि बेअरिंग बाजूवर फिरते, तेव्हा बाजू आधीच पूर्ण घासून घ्या. तिथला प्रत्येक खड्डा खाचेत उतरतो.

आता दिशा. वरून बघताना बिट बॉडीभोवती घड्याळाच्या उलट फिरला की तो लाकडाला विरोध करत कापतो आणि हातात राहतो. पण तसंच एका दमात फिरलात तर लाकडाच्या रेषा उलट पडतात तिथे ढलपी उडते, आणि कर्ली (लाटांसारख्या रेषांच्या) मेपलची ढलपी शोधत जमिनीवर रांगण्यात मजा नाही. आधी फक्त रेषांच्या उताराचे भाग कापा: सर्वात रुंद जागेपासून कमरेकडे, आणि रुंद जागेपासून टोकांकडे. यातले निम्मे भाग घड्याळाच्या दिशेने कापावे लागतात. तिथे बिट बॉडी ओढून नेऊ पाहतो, म्हणून अर्धा मिमीच घ्या आणि दोन्ही हात घट्ट. उरलेलं शेवटच्या फेरीत साफ होतं.

कटअवेला, म्हणजे मानेजवळ बॉडी आत कापलेली असते तिथे, घाई नको. तिथे टॉप मानेकडे चढत जातो. खोली कडेवरून घेतली की पट्टीही टॉपबरोबर वर जाते आणि खाली मेपलचा उघडा पट्टा दिसतो. 1950च्या दशकातल्या लेस पॉल अशाच आहेत. नंतर बरीच वर्षं तिथे रुंद पट्टी लावून तो पट्टा झाकला जायचा. मला उघडा मेपल आवडतो. झाकायचाच असेल तर तेवढ्या भागापुरती जास्त उंचीची पट्टी आणा आणि दुसऱ्या सेटिंगवर वेगळी फेरी मारा.

‘कोरण्याआधी, टॉप सपाट असतानाच खाच मारली तर?’ हा सल्ला वाईट नाही, पण कड सगळीकडे एकाच पातळीत असेल तरच. कटअवेत ती नसते.

कटअवे मानेला मिळतो त्या आतल्या कोपऱ्याशी मशीन थांबवा. गोल बिटला आतला टोकदार कोपरा साधत नाही. मार्किंग गेजने रेघ मारा, धारदार सुरीने ती दोनतीनदा खोल करा, मग 6 मिमीच्या पटाशीने आतलं लाकूड पातळ पातळ काढा. पट्टीचा एक तुकडा हातात ठेवा आणि चिकटवण्याआधी पूर्ण खाचेतून फिरवून बघा. तो अडेल तिथे बहुतेक तळाच्या कोपऱ्यात भुसा दबलेला असतो. पटाशी पुन्हा उचलण्याआधी जुना टूथब्रश मारून बघा.