एक यंत्र नव्हे, अख्खी बाग प्रोग्राम करताना

शेकडो छोटी यंत्रं एकत्र चालवण्याच्या क्षेत्रात नव्याने येणारा बहुतेक जण एका यंत्राचा कोड लिहून सुरुवात करतो: ओलावा मोज, आकडा सर्व्हरला पाठव, झोपी जा. देवगडकडच्या आंब्याच्या बागेत अशी चार-पाच यंत्रं सुखाने चालतात. प्रत्येक कलमाखाली एकेक ठेवलं की मात्र सर्व्हरवर आकड्यांचा नुसता ढीग पडतो. बागायतदाराला हवं असतं एवढंच, की कुठला कोपरा सुकलाय आणि पंपापासून तो किती लांब आहे. हा प्रश्न अख्ख्या बागेचा आहे, त्यामुळे प्रोग्रामही बागेचाच लिहायचा.

म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच कोड चढवायचा. पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो, प्रत्येकाला फक्त हाकेच्या अंतरावरचे शेजारी ठाऊक. एमआयटीत एबलसन, ससमन आणि नाइट यांनी १९९० च्या दशकात याच विचारावर ‘अमॉर्फस कम्प्युटिंग’ उभं केलं. २०१४ मध्ये हार्वर्डच्या १०२४ किलोबॉट्सनी, म्हणजे चिमुकल्या रोबोंनी, शेजाऱ्यांशी बोलतच आकार धरले.

पहिला धडा ग्रेडियंटचा, म्हणजे पंपापासून किती लांब हे प्रत्येक यंत्राने स्वतः काढण्याचा, घ्या. पंपाजवळचं यंत्र म्हणतं, ‘माझं अंतर शून्य.’ बाकीचा प्रत्येक जण शेजाऱ्याचा आकडा अधिक त्याच्यापर्यंतचं अंतर अशी बेरीज करतो आणि सगळ्यांत लहान बेरीज स्वतःची मानतो. थोड्याच फेऱ्यांत बागभर अंतरं पसरतात. दोन-तीन ओळींचं काम!

आता पंपाजवळचं यंत्र बंद करा आणि ३०० मीटरवरचा दुसरा पंप धरा. पहिल्या पंपाशी दोन यंत्रं एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर असतील, तर ती एकमेकांच्याच जुन्या आकड्यावर विसंबून राहतात आणि दर फेरीला जेमतेम अर्धा मीटर वर सरकतात. खऱ्या ३०० वर पोचायला ६०० फेऱ्या. दहा सेकंदांची एक फेरी धरली तर १०० मिनिटं बाग चुकीच्या पंपाकडे बोट दाखवत बसते. उपाय असा: पंपाच्या यंत्राने संदेशासोबत वाढता क्रमांक पाठवायचा, तो बराच वेळ वाढला नाही की बाकीच्यांनी तो आकडा टाकून द्यायचा. ‘बराच’ म्हणजे किती, यावर मात्र डोकं खपवावं लागतं. मुदत तोकडी ठेवली, तर दोन-चार संदेश हुकले तरी जिवंत पंप मेलेला ठरतो.

आणि पावसाळ्यात संदेश हुकतातच. ओली दाट पानं २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल गिळतात, त्यात मध्ये जांभ्याचा गडगा आला की बोलणंच खुंटतं. म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा आणि लोरा हे लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र बरं. अर्थात तिथे वेग कमी, तेव्हा दर फेरीला थोडकंच बोला. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवे पडतात, ते कुठल्याच सिम्युलेटरमध्ये दिसत नाही.

तरी सुरुवात सिम्युलेटरवरच करा. नेटलोगो फुकट आहे. ग्रेडियंट तिथे लिहा, हवी ती यंत्रं मारून बघा, मगच ईएसपी३२ हे छोटे कंट्रोलर बोर्ड विकत घ्या. स्काफी, प्रोटेलिस या अख्ख्या जथ्याचा प्रोग्राम लिहायच्या भाषा नंतर. आधी हाताने लिहिलेलं मोडताना बघितलं नसेल, तर त्या कशासाठी आहेत तेच कळत नाही.

नोकरीच्या जाहिरातींत ‘अमॉर्फस कम्प्युटिंग’ हे नाव शोधू नका. एम्बेडेड, आयओटी, स्वॉर्म रोबोटिक्स असं काही लिहिलेलं असतं. मी स्वतः मुलाखत घेतो तेव्हा एवढंच विचारतो: अर्धी यंत्रं बंद केली, तर उरलेली काय करतील? उत्तराला वेळ लागला तरी चालतो. ‘सर्व्हर बघून घेईल’ म्हणालात, तर पुढचं विचारत नाही.