चिरगती यंत्रात पाणी नेमकं कुठे मुरतं? या चुका टाळा

चिरगती यंत्र म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालत राहील असं सांगितलं जाणारं यंत्र. पाण्यावर आपोआप चालणाऱ्या अशा यंत्रांचे आराखडे नाना तऱ्हेचे दिसले, तरी गाभा बहुतेक वेळा एकच असतो. वरच्या टाकीतलं पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, चाकाला जोडलेला पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. शिवाय एखादा दिवाही लागतो म्हणे. रॉबर्ट फ्लड या इंग्रज वैद्याने 1618 मध्ये अशाच पाणचक्कीचं वर्णन केलं होतं. पंपाच्या जागी आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे फिरवला की पाणी वर चढवणारा मळसूत्री दांडा होता. आज पाइप प्लॅस्टिकचे आणि बेअरिंग गुळगुळीत, पण गाडी अडते त्याच जागी.

"घर्षण तेवढं घालवलं की झालं"

सगळ्यात लाडकी समजूत ही. म्हणून बेअरिंग बदलली जातात, तेल घातलं जातं. पण पाण्याचं घर्षण बेअरिंगमध्ये नसतं, ते पाण्यातच असतं. पाइपच्या भिंतीला टेकलेला थर जवळजवळ स्थिर राहतो, त्यावरचा थर त्याच्यावरून घसरतो, त्यावरचा आणखी वेगाने. ही घसरण पाण्याच्या स्वतःच्या चिकटपणाची आहे. त्यामुळे प्रवाह संथ, थराथराने जाणारा असेल तर पाइपला आतून पॉलिश करून काहीही फरक पडत नाही. प्रवाह खळाळता असेल तर भोवरे, वळणं आणि चाकावरून उडणारे शिंतोडे आपापला वाटा घेतात. जागा वाचवायला पाइपचा व्यास निम्मा केलात, तर खळाळत्या प्रवाहात तेवढंच पाणी ढकलायला घर्षणाचा तोटा साधारण 32 पट होतो.

आता वादापुरतं घर्षण शून्य धरू. सेकंदाला 10 लिटर पाणी 3 मीटर खाली पडलं, तर मिळतात 294 वॅट. तेच पाणी 3 मीटर वर न्यायला लागतात 294 वॅट. दिव्यासाठी उरलं काय? घर्षण नसलेलं यंत्र फार तर फिरत राहील, काम करून देणार नाही.

खऱ्या यंत्राचं गणित आणखी रुक्ष आहे. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने 1759 मध्ये पाणचक्क्यांच्या प्रतिकृतींवरचे आपले प्रयोग मांडले. पाणी वरून घेणाऱ्या चाकाने उपलब्ध शक्तीच्या साधारण दोन-तृतीयांश काम दिलं होतं. आपण चाक 65 टक्के आणि पंप 70 टक्के धरू: चाक देणार 191 वॅट, पंप मागणार 420. दोन्ही 90 टक्क्यांचे आणलेत तरी 265 मिळतात आणि 327 लागतात.

एकाच पाण्याची दोनदा वसुली

इथे आराखडा काढणारा म्हणतो, "अहो, पण पडणाऱ्या पाण्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तुम्ही धरलाच नाही!" माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही, कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते.

3 मीटर पडलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 7.7 मीटर होतो. त्या वेगाची गतिज ऊर्जा मोजा: सेकंदाला 10 लिटरसाठी पुन्हा 294 वॅटच येतात. ही वेगळी कमाई नव्हे. उंचीतली ऊर्जाच आता वेगाच्या रूपात समोर आली आहे. उंचीचे 294 आणि धडकेचे 294 अशी बेरीज कागदावर दिसली की तिथेच थांबा, पुढचा आराखडा बघायची गरज नाही.

दुसरं म्हणजे संवेग आणि ऊर्जा या एकच गोष्टी नाहीत. सेकंदाला 4 मीटर वेगाचा 1 किलोचा गोळा 3 किलोच्या स्थिर गोळ्याला चिकटला, तर दोघे मिळून सेकंदाला 1 मीटरने जातात. संवेग आधी 4, नंतरही 4. ऊर्जा मात्र 8 जूलवरून 2 जूलवर येते. पाणी वाटीत आदळून तिथेच साचतं तेव्हा असंच होतं. "संवेग अक्षय असतो" हे वाक्य खरं आहे, फक्त त्यातून दिवा लागत नाही.

मग संवेगाच्या जोरावर पाणी मूळ पातळीच्या वर जातच नाही का? जातं की! हायड्रॉलिक रॅम हेच करतो. माँगोल्फिए या फ्रेंच संशोधकाने तो 1796 मध्ये आणला. वाहतं पाणी अचानक अडवलं की दाब उसळतो आणि थोडं पाणी उंच चढतं. पण 2 मीटर उतारावरून 100 लिटर आलं, तर काहीही वाया न जाता 10 मीटरवर जास्तीत जास्त 20 लिटर जाईल. उरलेलं 80 लिटर खाली सोडून द्यावं लागतं. चिरगतीवाले नेमकं हे सोडलेलं पाणी चित्रात काढायचं विसरतात.

जड फ्लायव्हील, म्हणजे फिरण्याची ऊर्जा साठवणारं चाक, हीसुद्धा याच घराण्यातली चूक. 10 किलोची, पाव मीटर त्रिज्येची भरीव तबकडी मिनिटाला 300 फेरे घेत असेल तर तिच्यात सुमारे 154 जूल साठलेले असतात. म्हणजे 5 वॅटचा दिवा अर्धा मिनिट. तेही तुम्ही हाताने फिरवून आत घातलेले.

तरंगणाऱ्या डब्यांचा पट्टा

फिरत्या पट्ट्याला लावलेले हवाबंद डबे एका बाजूने पाण्यातून वर येतात, दुसऱ्या बाजूने हवेतून खाली जातात. 10 लिटरचा डबा 5 मीटर वर येताना 490 जूल देतो (त्याचं स्वतःचं वजन दोन्ही बाजूंना फिटतं). पण तळातून आत शिरताना त्याला 10 लिटर पाणी 5 मीटर उचलून जागा करावी लागते. किंमत 490 जूल. दार कितीही हुशारीने बनवा, भाव तोच.

वातीने पाणी वर चढतं, पण वरच्या टोकातून ठिबकत नाही. ते टोक पातळीखाली आणावं लागतं. वक्रनलिकेचंही (सायफनचं) तसंच.

"पण माझं चालतंय!"

मग स्थिर अवस्थेतून, हात न लावता, दिवा जोडूनच सुरू करा. नळाची जोडणी काढा, बॅटरी काढा. सुरुवातीला वरच्या टाकीत भरलेलं पाणी हीसुद्धा साठवलेली ऊर्जाच, म्हणून दोन्ही टाक्यांवर पातळीची खूण करा आणि काही तासांनी बघा. क्षणभराचा जोर मोजून निष्कर्ष काढू नका. पूर्ण फेरीचं काम मोजा.

आणि थर्मामीटर ठेवा. जेम्स जूल या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने 1840च्या दशकात पाणी घुसळून दाखवलं होतं की घर्षणात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच सापडते. वरच्या चाक-पंपाच्या उदाहरणातली 229 वॅटची (420 वजा 191) तूट बाहेरच्या मोटरने भरून काढलीत आणि ती सगळी 200 लिटर पाण्यात उतरली, तर तासाभरात पाणी जवळपास 1 अंश सेल्सिअसने तापेल.