कंस ऐकू येत नाहीत

इंग्लिशमध्ये गणित बोलायची वेळ आली की बहुतेकजण आधी उच्चारांच्या याद्या पाठ करायला बसतात. माझ्या मते तो वेळ वाया जातो. 'एक्स स्क्वेअर्ड', 'एक्स सब आय', 'एन फॅक्टोरियल' हे चार व्याख्यानं ऐकली की आपोआप तोंडात बसतं. 'बीटा' म्हणा नाहीतर 'बेटा', कुणाचं काही अडत नाही. नुसते उच्चार सुधारत बसणारा मार्गदर्शक मिळाला तर दुसरा शोधा.

खरी मेख कंसांत आहे. मला तिनंच सगळ्यात जास्त छळलं, म्हणून सविस्तर सांगतो. अपूर्णांकाची रेघ कुठपर्यंत जाते हे कागदावर दिसतं, बोलण्यात ती रेघच नसते. 'वन ओव्हर एक्स प्लस वन' म्हणा आणि एक्सची किंमत 1 घ्या. ऐकणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर 2 येईल, दुसऱ्याचं अर्धा. 'टू टू द एन प्लस वन' मध्ये एन 3 असेल तर 9 की 16? 'स्क्वेअर रूट ऑफ ए स्क्वेअर्ड प्लस बी स्क्वेअर्ड' घ्या, ए 3 आणि बी 4. वर्गमूळ कुठे संपलं त्यावर 5 तरी येईल, नाहीतर 19. यातलं एकही वाक्य इंग्लिश म्हणून चुकीचं नाही, म्हणून कुणी टोकतही नाही.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. अंश मोठा असेल तर 'ए प्लस बी, ऑल ओव्हर सी'. छेद मोठा असेल तर 'वन ओव्हर द क्वांटिटी एक्स प्लस वन'. नुसत्या थांबण्यावर मात्र भिस्त ठेवू नका, कारण धडधड वाढली की सगळ्यात आधी थांबेच गायब होतात. अब्राहम नेमेथ हे अंध गणितज्ञ तर 'बिगिन फ्रॅक्शन' आणि 'एंड फ्रॅक्शन' असं स्पष्ट म्हणायची पद्धत वापरत. सेमिनारमध्ये ते लांबट वाटेल, पण सूत्र गुंतागुंतीचं असेल तर बिनदिक्कत वापरा.

गुणाकाराला 'टाइम्स' म्हणा. 'फाइव्ह इनटू ट्वेंटी' हे अनेक इंग्रजी भाषकांना भागाकार वाटतं, म्हणजे 4.

सरावासाठी मित्राला सूत्र न दाखवता तोंडी सांगा, त्याला लिहू द्या आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. आरशासमोर बोलून हे कळत नाही.