पुन्हा कॉलेजला जायचंय? आधी फायलीतले दोन कागद काढा

न्यू जर्सीत येऊन मला २० वर्षं झाली. त्यातली पहिली ११ एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर गेली आणि ग्रीन कार्ड आल्यावर चाळिशीत मी काउंटी कॉलेजात, म्हणजे जिल्ह्यासारख्या काउंटीच्या सरकारी कॉलेजात, मेडिकल लॅब टेक्निशियनच्या कोर्सला बसले. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी नवीन आलेली मुलगी बाजूला घेऊन विचारते, "ताई, फीला काही मदत मिळते का हो?"

मिळते. पण कोणती, ते तुमच्या फायलीतल्या दोन कागदांवर ठरतं: तुमचा इमिग्रेशनचा कागद आणि भारतातलं पदवीचं सर्टिफिकेट.

पहिला कागद सोपा आहे. एच-४, एच-१बी किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर फेडरल सरकारचं अनुदान आणि कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मिळू शकतं. पण एच-४ वर शिकायला बंदी नाही. व्हिसा न बदलता पूर्णवेळसुद्धा शिकता येतं. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. "तुला इथे काही करता येणार नाही" एवढंच ऐकत मी घरात बसून राहिले, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगते. कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपही असतात आणि त्यातल्या काहींना ग्रीन कार्डची अट नसते. प्रत्येकीची अट वाचून अर्ज करा.

दुसरा कागद माणसाला चकवतो. ग्रीन कार्डवाल्यांनी फॅफ्सा हा फेडरल मदतीचा फॉर्म भरायचा. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायचं अनुदान, त्यातूनच मिळतं आणि २०२५-२६ साठी ते जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होतं. पण ते पहिली बॅचलर्स पदवी घेणाऱ्यांसाठी आहे, आणि आपली बी.कॉम., बी.एस्सी. तिथे पदवीच धरली जाते. इथल्या नोकरीत त्या पदवीला कुणी विचारत नसलं तरीही. मी सांगलीची बी.एस्सी., त्यामुळे मला पेल मिळालं नाही. तेव्हा ओळखीतल्या एकाने सुचवलं, "लिहूच नकोस ना, त्यांना कसं कळणार?" कृपा करून हे करू नका. खोटी माहिती देऊन घेतलेले पैसे परत करावे लागतात, दंड आणि खटलाही होऊ शकतो. शिवाय आधी शिकलेल्या विषयांचे क्रेडिट (कॉलेजात अभ्यास मोजायचं एकक) मिळवायला तीच मार्कशीट तुम्ही कॉलेजला देणार असता.

पदवी असली तरी फेडरल कर्जाचं दार उघडं राहतं, त्यामुळे फॉर्म भराच. निदान अर्धवेळ, म्हणजे साधारण सहा क्रेडिट घ्यावे लागतात. लग्न झालेलं असेल किंवा वय २४ च्या पुढे असेल, तर आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. पहिल्या वर्षाची मर्यादा ९,५०० डॉलर आहे. त्यातले गरजेनुसार ३,५०० पर्यंत सबसिडाइज्ड असतात, म्हणजे शिकत असताना त्यांचं व्याज सरकार भरतं. आधी तेच घ्या. मंजूर झालं म्हणून सगळं उचलू नका.

फॉर्मला एक पैसा लागत नाही. एका सल्लागाराने तो भरून देण्याचे माझ्याकडून १५० डॉलर घेतले होते, त्याची हळहळ अजून वाटते.

आता आयटीतल्या घरांसाठी. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. मधल्या काळात नवऱ्याचा किंवा बायकोचा ले-ऑफ झाला असेल, तर कागदावर तुम्ही अजून सधनच दिसता. अशा वेळी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात स्वतः जा, ले-ऑफचं पत्र दाखवा आणि "प्रोफेशनल जजमेंट", म्हणजे बदललेली परिस्थिती बघून मदत ठरवणं, हेच शब्द वापरून फेरविचार मागा. तो अधिकार त्यांना आहे. आपल्याला मागायला संकोच वाटतो, माझाही एक सेमिस्टर त्यात गेला.

नोकरी करत असाल तर एचआरला विचारा. कंपनीने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर लागत नाही आणि त्याला व्हिसा आड येत नाही. कर भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही शिक्षणासाठीची करसवलतही बघा. फीच्या पहिल्या १०,००० डॉलरचे २० टक्के, म्हणजे २,००० पर्यंत, करातून कमी होतात. पदवी आधीची असली तरी चालतं. जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. कॉलेजकडून येणारा १०९८-टी हा फीचा फॉर्म जपून ठेवा.

आणि आजच करायचं एक काम. काउंटी कॉलेजात त्याच काउंटीच्या रहिवाशांना फी कमी पडते, पण रहिवासाचा पुरावा लागतो. आपल्याकडे लीज, वीजबिल, सगळं नवऱ्याच्याच नावावर असतं. लीजवर तुमचंही नाव घालून घ्या, एक बिल तुमच्या नावाने येऊ द्या, आणि पत्त्यासकट येणारी जुनी बिलं टाकून देऊ नका.