मेरोमायझा: जाळीपासून लेबलपर्यंत

गवतात जाळी फिरवली की तळाशी तीन-चार मिलिमीटरच्या माश्यांचा नुसता कालवा असतो. त्यातून मेरोमायझा या वंशाची माशी वेगळी काढायची तर मी आधी मागची मांडी बघतो. ती टम्म फुगलेली आणि नडगी तिच्याभोवती बसेल अशी वाकडी असते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेनने १८३० साली हा वंश वेगळा केला, पण कीटक गोळा करणारेही याला सहसा हात लावत नाहीत.

दव पूर्ण वाळल्यावरच निघा; ओल्या जाळीत माश्या चिकटून त्यांचा लगदा होतो. जाळी जाड कापडाची हवी. गवताच्या शेंड्यांवरून ती डावी-उजवी झोडपत न्यायची आणि दर काही फटक्यांनी तोंड पिळून बंद करायचं. मग माश्या अॅस्पिरेटरने, म्हणजे तोंडाने हवा ओढायच्या नळीच्या बाटलीने, ओढून घ्या. चिमट्याच्या नादी लागू नका, पाय तुटतात, आणि इथे सगळी मदार पायांवरच आहे.

जिवंतपणीच एक फोटो काढून ठेवा. पाठीवर गडद पट्टे आणि अंगाला हिरवट झाक असते. वाळल्यावर ती झाक पिवळी पडते.

आता स्टिरिओ मायक्रोस्कोप. डोक्यावर तीन साध्या डोळ्यांभोवती मोठा त्रिकोण दिसला, केस तुरळक असले, तर कुळ क्लोरोपिडी. पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर टोकाच्या थोडी अलीकडे संपते. ऑसिनेला या याच कुळातल्या दुसऱ्या वंशात ती आणखी एक शीर ओलांडून पुढे जाते. त्यात मांडी जाड असली की वंश पक्का. जातीचं नाव मात्र रंगावरून ठोकून देऊ नये. त्यासाठी नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) साफ करून जननांगांचा आकार बघावा लागतो. मादीवर मी वंशाचंच नाव लिहून थांबतो.

माशी टाचणीने टोचायची नाही. जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला गोंदाचा ठिपका लावून उजव्या कुशीवर चिकटवा, म्हणजे डावी बाजू मोकळी राहते.

जाळीपेक्षा मला गवताची खोडं जास्त आवडतात. खालची पानं हिरवी आणि लोंबी तेवढी पांढरीफटक दिसली, तर ती हलकेच ओढा. अलगद हातात आली, तर आतून कुरतडलेली आहे. पोंग्यात या माशीची फिकट हिरवी अळी सापडेल. खोड बरणीत ठेवून तोंडाला फडकं बांधा आणि माशी निघाली की लेबलवर गवताचं नावही लिहा. जाळीत मिळालेल्या माशीबद्दल ते कधीच कळत नाही.