केसपेपरवरचं 'स्टॅट': नव्या इंटर्नसाठी

'स्टॅट' मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत असल्यामुळे तो एखाद्या लांबलचक नावाचा संक्षेप वाटतो. काहीजण त्याची फोडही छातीठोकपणे सांगतात. ती मागाहून जुळवलेली आहे. मूळ शब्द लॅटिन 'स्टाटिम', म्हणजे ताबडतोब. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना) हे त्याचेच भाऊबंद. एसओएससुद्धा: 'सि ओपुस सिट', गरज पडल्यास. जहाजांच्या संकटसंदेशाशी त्याचा काही संबंध नाही, पण चिठ्ठीवर तो वाचून नातेवाईक घाबरतात.

स्टॅट म्हणजे एकच डोस, आत्ता. औषध कधी सुरू करायचं ते त्यातून कळतं, किती वेगानं द्यायचं ते कळत नाही, आणि नवे लोक नेमके इथेच अडकतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम स्टॅट लिहिलं तरी ते निदान ६० मिनिटं घेऊनच जायला हवं. घाईनं सोडलं की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपीही उतरू शकतं. फेनिटॉइन या झटक्यांवरच्या औषधाचा लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस २० मिग्रॅ प्रतिकिलो धरला, तर ६० किलोच्या माणसाला १२०० मिग्रॅ लागतं. वेगमर्यादा मिनिटाला ५० मिग्रॅ, म्हणजे निदान २४ मिनिटं. तेही नॉर्मल सलाईनमधूनच, कारण डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो. पोटॅशियम क्लोराइड तर कितीही घाई असली तरी थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय थांबतं.

म्हणून ऑर्डर लिहिताना औषध, डोस, मार्ग, किती मिनिटांत आणि लिहिल्याची वेळ (२४ तासांच्या घड्याळानं) एवढं हवंच. पुढचा डोस कधी, हेही लिहा. 'स्टॅट आणि मग बीडी' एवढंच लिहिलं, स्टॅट डोस सकाळी आठला गेला आणि वॉर्डाची बीडीची वेळ दहाची असली, तर दोन तासांत दोन डोस जातात. लिहून झालं की सिस्टरना तोंडीही सांगा. नुसती फाईल टेबलावर ठेवली तर ती तिथेच राहते.

सगळंच स्टॅट लिहिणाऱ्याचं स्टॅट कोणी मनावर घेत नाही, हे ओघानं आलंच.

रक्ताच्या स्टॅट सँपलची गोष्ट वेगळी. घाईत टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) घट्ट आवळून मूठ उघडझाप करायला लावली, किंवा बारीक सुईतून रक्त जोरात बल्बमध्ये (सँपलच्या नळीत) सोडलं, की पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. बल्बवर वेळ टाका, मामांच्या (वॉर्डबॉयच्या) हाती द्या आणि लॅबला फोन करा.